शेवटून पहिला

क्रिकेट खेळणाऱ्याला ‘तू क्रिकेटकडे कसा वळलास?’ असे सहसा कोणी विचारीत नाही. गल्लीत चेंडू असतो, फळकुटाची बॅट असते आणि मूल आपोआप खेळू लागते. लांब पल्ला धावणाऱ्याचे मात्र निराळे आहे. आपण रोज दहा-बारा किलोमीटर धावावे अशी इच्छा घेऊन कोणी जन्माला येत नाही. अशा माणसाला त्याची हकीकत विचारा, तो भलतीकडूनच सुरुवात करतो. शाळा लांब होती. दुसऱ्या खेळाला पैसे लागत होते. सैन्यात भरती व्हायचे होते. कारखान्यातल्या साहेबाने हुकूम सोडला. धावणे त्या हकीकतीत बऱ्याच उशिरा येते. पुढे हाच माणूस गळ्यात शिटी अडकवून इतरांना धावायला शिकवू लागतो, तेव्हा ‘मी प्रशिक्षक होणार’ असेही त्याने कधी ठरवलेले नसते. या दोन न ठरवलेल्या गोष्टींविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत, कारण सध्या त्या माझ्या दारात येऊन उभ्या आहेत.

मी पांढुर्ण्याचा. बाबा बँकेत आहेत. तरुणपणी त्यांची बदली बेळगावला झाली होती, तेव्हा इथल्याच एका घरातली मुलगी त्यांनी पत्नी म्हणून निवडली. त्यामुळे आमच्या घरात बाबांची मराठी आणि आईची कन्नड अशा दोन्ही भाषा नांदतात. माझी शाळा मराठी माध्यमाची झाली आणि बी. कॉम. साठी मी बेळगावला मामाकडे आलो. पांढुर्णा म्हटले की इथल्या मित्रांना काही आठवत नाही, आणि आठवलेच तर गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात, दगडफेक होते, तिची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. आमचा तालुका आणि शेजारचा सौंसर मिळून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. सरकारदरबारी आम्ही मध्य प्रदेशात. घरी मराठी, बाजारात हिंदी. दवाखान्याला आणि मोठ्या खरेदीला नागपूर. कापूस आणि संत्री ही आमची लक्ष्मी.

त्या संत्र्यांनीच मला पळायला लावले. आजोबांची बाग गावापासून तीन किलोमीटरवर आहे. शेतीची वीज कधी रात्री, कधी पहाटे येते. मी दहावीत असताना मोटार सुरू करायला पहाटे साडेचारला जाण्याचे काम माझ्याकडे आले. सायकल भावाकडे असे. वाटेवर दिवा नाही, त्यातून दोन ठिकाणी कुत्री. मी भीतीपोटी धावत सुटत असे. त्याच रस्त्यावर भरतीची तयारी करणारी सात-आठ मुले धावत असत. एके दिवशी त्यांच्यातला सर्वांत पुढचा मुलगा थांबला आणि म्हणाला, “एकटा काहून जातं रे बाबू? चाल आमच्यासंगं.” मी त्यांच्याबरोबर निघालो. माझा धावण्याशी परिचय झाला तो एवढाच. त्यात ध्येय नव्हते, स्फूर्ती नव्हती. सोबत मिळाली, म्हणून भीती गेली.

त्या मुलाला आम्ही सारे भाऊ म्हणतो. कोरोनाच्या साथीमुळे दोन वर्षे सैन्यभरतीचे मेळावे झाले नाहीत. २०२२ साली अग्निपथ योजना आली आणि २१ वर्षांची वयोमर्यादा त्या एका वर्षापुरती २३ करण्यात आली. भाऊ त्यावेळी बावीस वर्षांचे होते. ग्राउंड त्यांनी सहज काढले, पण वैद्यकीय तपासणीत डोळ्यांचा नंबर आडवा आला. पुढच्या वर्षी वय निघून गेले. आमच्याकडे अशा मुलाची धावपळ त्याच दिवशी संपते. बूट धाकट्या भावाला जातात आणि तो किराणा दुकानात, जिनिंगमध्ये नाही तर नागपुरात कामाला लागतो. भाऊही दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपणार होते, तसे ते स्वतःच सांगतात. पण पहाटे पाच मुले रस्त्याच्या कडेला त्यांची वाट बघत उभी राहिली आणि त्यांच्यातल्या एकाने दाराची कडी वाजवली. भाऊ चप्पल घालूनच बाहेर आले. त्या दिवशी ते धावले नाहीत. मोबाईलवर वेळ मोजत उभे राहिले. पांढुर्ण्याच्या त्या रस्त्यावर एक प्रशिक्षक असा तयार झाला.

बेळगावला आल्यावर मी पहाटे धावतो हे पाहून मामा एकदा म्हणाले, “आपल्या बेळगावचा गडी १९२० साली ऑलिंपिकात पळालाय, ठाऊक आहे काय तुला?” मला ठाऊक नव्हते. फडेप्पा चौगुले यांचे नाव मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकले आणि मग ग्रंथालयात शोधून वाचले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना दोराबजी टाटांच्या लक्षात आले, की अनवाणी धावणाऱ्या या शेतकऱ्यांच्या पोरांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांपासून फार दूर नाहीत. त्यांनी खटपट केली, पदरचे पैसे घातले, आणि १९२० साली बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. त्यात चौगुले होते. तिथली मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटरांची होती. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. मी वाणिज्य शाखेचा. आकडा दिसला की भागाकार केल्यावाचून राहवत नाही. एका किलोमीटरला चार मिनिटे पडतात. आमची मुले अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत धावली की पहिल्या गटात बसतात. म्हणजे किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे २६ सेकंद. ती वेळ गाठताना त्यांच्या तोंडाला फेस येतो. त्याहून जरा कमी वेगाने चौगुले बेचाळीस किलोमीटरहून अधिक अंतर धावत राहिले.

चौगुल्यांच्या त्या एकोणिसाव्या क्रमांकामागे कोण होते, हा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टाटा स्वतः काही त्या शर्यतीत धावत नव्हते. पण त्यांनी नुसता निकाल पाहिला नाही; धावणाऱ्याचे पाय पाहिले आणि मनाशी हिशेब मांडला. प्रशिक्षकाचे अर्धे काम हेच असावे.

वाचता वाचता परदेशातली दोन नावे भेटली आणि योगायोगाने दोघेही चपला-बुटांच्या कारखान्यातले निघाले. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक झ्लीन येथील बाटाच्या कारखान्यात कामाला होता. १९४१ साली कारखान्याच्या क्रीडाशिक्षकाने चार पोरांकडे बोट दाखवून त्यांना शर्यतीत उतरायला सांगितले. झाटोपेकने ‘माझी प्रकृती बरी नाही’ म्हणून सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी तपासून तो ठणठणीत असल्याचे सांगितले. नाइलाजाने धावला आणि दुसरा आला. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती एकाच माणसाने जिंकल्या, तो हाच.

दुसरा न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड. हा रग्बी खेळायचा आणि स्वतःला धडधाकट समजायचा. एका मित्राबरोबर पाच मैल धावायला गेला आणि त्याचा जीव अर्धा झाला. आज ही स्थिती, तर पन्नाशीत काय होईल, या प्रश्नाने त्याला घेरले. मग त्याने स्वतःच्या शरीरावरच प्रयोग सुरू केले. कधी फार कमी, कधी आठवड्याला शंभर मैलांहून जास्त धावून पाहिले आणि काय सोसते, काय मोडते याची पक्की माहिती मिळवली. १९५० च्या एम्पायर क्रीडास्पर्धेत तो मॅरेथॉन धावला. दिवसा बुटांच्या कारखान्यात काम, शिवाय दूध पोचवण्याची फेरी. अशा माणसाच्या मागे ऑकलंडमधली आसपासची पोरे धावू लागली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने ८०० मीटर आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटर शर्यत एकाच दिवशी जिंकली. बॅरी मॅगीला मॅरेथॉनचे कांस्य मिळाले. निवड समिती नाही, शिष्यवृत्ती नाही. जवळपासची मुले आणि त्यांच्याआधी सगळे सोसून बसलेला एक माणूस.

आपल्या महाराष्ट्रातही हे पाहायला मिळते. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा. शाळा सहा किलोमीटरवर. कधी चालत, कधी धावत जायचा. बारावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे पाचव्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला. खेळ म्हणून धावणे सुरू झाले ते २०१५ साली, सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतीत. अमरीश कुमार या प्रशिक्षकांच्या हाताखाली तो अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीकडे, स्टीपलचेसकडे वळला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत हीसुद्धा आदिवासी पाड्यावर अनवाणी धावणारी मुलगी. प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या नजरेखाली नाशिकला घडली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य घेऊन आली. या साऱ्यांची नावे आपण घेतो, घ्यायलाच हवीत. परंतु मला पांढुर्ण्याच्या रस्त्यावरून पाहताना वाटते, की सावरपाडे पुष्कळ आहेत, पळणारी पोरेही पुष्कळ आहेत. कडेला उभा राहून पाहणारा माणूस तेवढा प्रत्येक ठिकाणी नसतो.

हे लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. गेल्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा भाऊंना बुटीबोरीला एका कंपनीत काम मिळाले होते. घरची गरज होती, जाणे भागच होते. त्यांच्या मागे सतरा मुले होती. भाऊंनी शिटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तू तीन आठवडे आहेस ना बाबू? तेवढे दिवस सांभाळ. पुढचं पुढं पाहू.”

त्या तीन आठवड्यांत मी जे शिकलो ते सहा वर्षांच्या धावण्यात शिकलो नव्हतो. आमच्या भागातल्या भरतीच्या मुलांची एक रीत आहे: रोज पहाटे १६०० मीटर जीव तोडून धावायचे. परीक्षेत तेवढेच अंतर असते, मग रोज परीक्षाच का देऊ नये, असा त्यांचा हिशेब. महिनाभराने नडगी दुखू लागते, गुडघा सुजतो, आणि वेळ पाच मिनिटे पन्नास सेकंदांवर अडून बसते. भाऊंची पद्धत उलटी आहे. आठवड्यातले चार दिवस एवढ्या सावकाश धावायचे की शेजाऱ्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. गप्पा बंद पडल्या की वेग कमी करायचा. अशा संथ धावण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, स्नायूंत केसांसारख्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. हे काम घाईने होत नाही. एक दिवस ४०० मीटरचे तुकडे, मध्ये विसावा घेऊन, प्रत्येक तुकडा ८२ सेकंदांच्या आसपास. कारण ८२॥ सेकंदांच्या चार फेऱ्या म्हणजेच साडेपाच मिनिटे. एक दिवस टेकडी. एक दिवस सुट्टी. लिडियार्डने वेगाच्या आधी दमाचा पाया घालायला सांगितले होते. भाऊंनी त्याचे नावही ऐकलेले नाही, ते आपल्या दुखऱ्या नडगीवरून तिथपर्यंत पोचले.

शिकलेली दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. धावणारा पुढे पाहतो. त्याला पुढच्याची पाठ दिसते. शिटी हातात आली आणि मला पहिल्यांदा मागे पाहावे लागले. पहिल्या येणाऱ्याला माझी फारशी गरज नव्हती. तो माझ्याविनाही पहिलाच आला असता. माझे सगळे लक्ष त्या सतरांतल्या शेवटच्यावर राहू लागले: त्याला कुठे लागले का, आज घरी जेवला होता का, उद्या येईल का. शाळेत अशा मुलाला आपण ‘शेवटून पहिला’ म्हणून हसतो. प्रशिक्षकाच्या वहीत तो खरोखरच पहिला असतो, कारण गट टिकतो की फुटतो ते त्याच्यावरून कळते.

त्या शेवटच्या मुलाबरोबर त्याची मोठी बहीण येत असे. ती नववीत आहे. वाटेवरच्या कुत्र्यांपासून भावाला सांभाळायचे, त्याची पाण्याची बाटली धरायची आणि कडेला बसून राहायचे, एवढेच तिचे काम. एकदा तो फारच मागे राहिला, म्हणून ती त्याला ओढत नेण्यासाठी त्याच्या बाजूने धावू लागली. पायात साधी स्लिपर. दोन फेऱ्यांनंतर भाऊ दमून थांबला आणि ती मात्र आपल्याच नादात पुढे तीन मुलांना मागे टाकून आली. मी घड्याळाकडे पाहिले आणि काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी एक जुना बूटजोड आणला. तिच्या आईची परवानगी मात्र सहजासहजी मिळाली नाही. ती माउली स्पष्ट म्हणाली, “भाऊ असन तं धाडते, नाही तं नाही.” म्हणजे जबाबदार माणूस कडेला उभा असेल तरच मुलगी धावणार. सुट्टी संपल्यावर मी बेळगावला आणि भाऊ बुटीबोरीला. मग कडेला कोण?

हा प्रश्न मी इथे बरोबर घेऊन आलो. आमच्या विषयात घसारा शिकवतात: यंत्र विकत घेतले की दरवर्षी त्याची किंमत थोडी थोडी कमी करीत जायचे. धावपटूचे शरीरही असेच आहे. तिशी-पस्तिशीनंतर त्याची पुस्तकी किंमत उतरू लागते. पण त्याने सोसून मिळवलेल्या ज्ञानाला घसारा लागत नाही. ते वापरले नाही तर मात्र एका दिवसात निर्लेखित होते, आणि आमच्या गावात अशी कितीतरी खाती वयोमर्यादेच्या दिवशी कायमची बंद होतात. मध्य प्रदेश पोलिसांची ८०० मीटर, महाराष्ट्र पोलिसांची १६०० मीटर, अग्निवीरची १६०० मीटर. सीमेवरची आमची मुले या सगळ्यांसाठी धावतात. निवड झाली तरी गाव सुटते, न झाली तरी धावणे सुटते. भाऊ हा त्याला अपवाद. एक अपवाद बुटीबोरीला गेला की अख्खा रस्ता रिकामा होतो.

प्रशिक्षक होण्याचा रीतसर रस्ता आहे आणि तो आमच्यापासून फार लांबही नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. ग्वाल्हेरला १९५७ साली निघालेली लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षक घडवले जातात. बी. कॉम. नंतर बी. पी. एड. करायचे, असे मी बाबांना फोनवर सांगितले. बाबांनी माझ्यासाठी बँकेच्या परीक्षेची पुस्तके आणून ठेवली आहेत. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “शिटी वाजवून पोट भरते का रे?” त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. शाळेत क्रीडाशिक्षकाच्या जागा किती निघतात, हे मलाही दिसते. आई मात्र कन्नडमध्ये हळूच म्हणाली, “ओडु.” कन्नडमध्ये ‘ओडु’ म्हणजे धाव. मराठीत आपण ‘ओढ’ म्हणतो ती वेगळी, पण त्या क्षणी मला दोन्ही शब्द एकाच घरातले वाटले.

बाबांशी माझा एक करार झाला आहे. बँकेची परीक्षा मी देईन आणि बी. पी. एड. चा अर्जही भरीन. दोन्हीकडे जमले तर कोणते धरायचे ते त्यावेळी बसून, कागदावर दोन्ही बाजूंचा जमाखर्च मांडून ठरवायचे. वादविवादात मी त्यांच्याकडून हरतो, हिशेबात कदाचित जिंकेन.

तोवर गट चालू आहे. भाऊ रविवारी बुटीबोरीहून येतात आणि लांब पल्ल्याची फेरी करून घेतात. इतर दिवशी तिच्या आईच मुलीबरोबर रस्त्यापर्यंत येतात आणि कडेला उभ्या राहतात. त्यांना घड्याळ लावता येत नाही, पण त्या आहेत म्हणून आणखी दोन मुली येऊ लागल्या आहेत. मी जाताना आखून दिलेली वही त्या नववीतल्या मुलीकडे आहे. तारीख, अंतर, वेळ, दुखणे असे रकाने मी पाडले होते. दर रविवारी रात्री ती त्या पानाचा फोटो मला पाठवते. गेल्या महिन्यापासून त्यात एक रकाना वाढला आहे. तो मी आखला नव्हता, मी तिला सांगितलेही नव्हते. त्याच्या डोक्यावर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: ‘शेवटी कोण आले, आणि का.’